येथे पालकाचे पूर्ण नाव लिहावे

पेंटरचं आणि माझं दुकान एकच. म्हणजे गाळा एक, भाडं निम्मं निम्मं, आणि मधे छातीइतकी प्लायवूडची भिंत. अलीकडे मी काचा कापतो आणि फोटोंना फ्रेमा करतो, पलीकडे तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत आपल्या नजरेतून काही सुटत नाही अशी माझी ठाम समजूत होती, आणि ती मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. केसभर तिरकी गेलेली फ्रेम मला रस्त्याच्या पलीकडून दिसते. हाताच्या अंतरावर बसलेला माणूस मात्र मला दिसला नाही.

पेंटरच्या अक्षराबद्दल आधी सांगायला हवं. संगणकावर छापलेल्या प्लास्टिकच्या पाट्या आल्या आणि बाजारातल्या बाकीच्या पेंटरांनी ब्रश खाली ठेवले. कोणी रिक्षा घेतली, कोणी भिंती रंगवायला लागला. हा एकटा टिकला, कारण याचं अक्षर बघून लोक चालता चालता थांबायचे. खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची, की फळ्यावर सरळ रेघ उमटते. त्या रेघेखाली सपाट ब्रशने तो एकेक अक्षर असं उतरवायचा, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. मी दिलदार माणूस नाही, कौतुक माझ्या तोंडून सहज निघत नाही. पण त्याचा 'क्ष' बघून मी हातातलं काम टाकून उभा राहिलो आहे, एकदा नाही, कित्येकदा.

त्याच्या काही सवयी मला खटकायच्या. गिऱ्हाईक आलं आणि काय लिहायचं ते तोंडी सांगायला लागलं, की हा त्याला अडवायचा. "कागदावर लिहून द्या. नंतर भांडण नको." मला वाटायचं, पक्का व्यवहारी आहे बेटा. रोज सकाळी मी पेपर उघडला, की भिंतीवरून हनुवटी टेकवून म्हणायचा, "वाच बरं मोठ्याने, माझे हात रंगाचे आहेत." हात त्याचे नेहमीच रंगाचे असायचे. मी शिव्या घालत वाचायचो. म्हणायचो, "आळशा, फुकटात रेडिओ मिळाला तुला." तो हसायचा.

आणि त्याची मुलगी. तिला आम्ही तपासनीस म्हणायचो. पाच वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की ती थेट दुकानात यायची, रंगाच्या उपड्या डब्यावर बसायची आणि तयार पाटी बोट लावून वाचायची. पेंटर शेजारी उभा, परीक्षेला बसल्यासारखा.

"पास?" तो विचारायचा.

"नापास. दुरुस्तीतला दुसरा उकार राहिला."

की लगेच चिंधी, रॉकेल, पुसापुशी. मग पुन्हा, "पास?" आणि तिने "पास" म्हटलं की मगच पाटी दुकानाबाहेर जायची. मला वाटायचं, काय पोरीचे लाड करतो हा! एकदा ती आठवडाभर तापाने पडली होती. तेव्हा एका शिंप्याची पाटी 'कपडे शिवन मिळतील' अशी गेली, शिवूनमधला उकार खाऊन. मी पोट धरून हसलो. पेंटर लाल झाला आणि म्हणाला, "गिऱ्हाइकाने लिहून दिलं तसं काढलं." चिठ्ठी बघितली तर खरंच तसंच लिहिलेलं होतं. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तर ही तपासनीस यंदा बारावी झाली, आणि असे गुण घेऊन, की मीच चार दिवस कॉलर ताठ करून फिरलो. तिला भूशास्त्र शिकायचं होतं. मी म्हटलं, "चार वर्षं दगड बघायला एवढी फी? माझ्याकडे ये, मागच्या अंगणात फुकट दाखवतो." ती म्हणाली, "काका, तुमच्या अंगणातला दगड किती वर्षांचा आहे सांगा." विद्यापीठात तिला जागा मिळाली, पण पहिल्या वर्षाची फी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत भरायची, नाहीतर जागा पुढच्याला. त्यासाठी त्यांनी दीड महिना दिला होता. पेंटरचा गल्ला आणि तिच्या आईचा दवाखान्याच्या धुलाईतला पगार एकत्र केला, तरी ती फी आवाक्यातली नव्हती.

बँकेचं शैक्षणिक कर्ज बघायला मीच सोबत गेलो होतो. साहेबांनी जामीनदार विचारला. मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी." त्यांनी विचारलं, "मालमत्ता?" मी म्हटलं, "अर्धा गाळा. भाड्याचा." साहेबांनी आम्हाला चहा मात्र चांगला पाजला.

मग पोरीने विद्यापीठाच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर एक निधी शोधून काढला, पूर्ण पदवीची फी माफ करणारा. कसला निधी म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "आहे एक. मिळेल काका." मी समजलो गुणांवरची शिष्यवृत्ती असणार. दोन दिवस खपून तिने अर्ज भरला. पेंटर स्वतः पाकीट देऊन आला. आता नुसतं पत्र यायचं बाकी आहे अशा थाटात आम्ही तिघं वावरत होतो.

पत्र आलं सोमवारी, फीच्या मुदतीला चार दिवस राहिले असताना. पोरगी सकाळच्या शिकवण्या घ्यायला गेली होती. पेंटरने पाकीट भिंतीवरून माझ्या हातात दिलं. "वाच बरं. हात रंगाचे आहेत."

मी वाचायला लागलो, आणि चौथ्या ओळीवर माझी जीभ अडखळली. त्यात लिहिलं होतं, की हा निधी ज्यांचे आईवडील कधी शाळेत गेले नाहीत अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. अर्जात वडील निरक्षर असल्याचं नमूद केलं आहे. परंतु वडिलांनी स्वहस्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र पाहता ही माहिती खोटी वाटते. सबब अर्ज नामंजूर. हरकत असल्यास गुरुवारी समक्ष हजर राहावे.

मी वर बघितलं. पेंटरचे हात कोरडे होते. रंगाचा ठिपका नव्हता.

"निरक्षर म्हणजे?" मी विचारलं. अर्थ मला माहीत होता. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"म्हणजे मी," तो म्हणाला. "मला वाचता येत नाही. आठव्या वर्षी मामाच्या हाताखाली रंग कालवायला लागलो. चित्र काढतात तशी अक्षरं काढायला शिकलो. कुठल्या अक्षराचं पोट किती मोठं, मान किती वाकडी, हे मला झोपेतही येतं. ते म्हणतं काय, हे नाही येत."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, दया वगैरे काही आली नाही, नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षं या माणसाने मला पेपर वाचायला लावला! मी गिऱ्हाइकांना सांगायचो, शुद्धलेखन बघावं तर आमच्या पेंटरचं. एका शब्दाने सांगितलं असतं तर माझं काय जात होतं? दुपारपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. काच कापताना दोन काचा फोडल्या. आणि मग हळूहळू एकेक गोष्ट आठवायला लागली, ती चिठ्ठी, तो शिंपी, ते "पास?" आणि ती पाच वर्षांची पोर. ती रोज येऊन बापाची अब्रू राखत होती आणि तिने कधी एका मैत्रिणीलाही कळू दिलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. अशी पोर आणि असा बाप मी आयुष्यात बघितलेला नाही, हे मी तेव्हाच मनाशी कबूल केलं.

दुपारी ती आली. पत्र वाचून ती डब्यावर बसली.

"बाबा, प्रतिज्ञापत्र? मी शाईचं पॅड ठेवून गेले होते ना? 'स्वहस्ते लिहावे अथवा अंगठा उठवावा' असं होतं. आईने उठवला. तुम्हीही उठवायचा, एवढंच ठरलं होतं."

पेंटर खाली बघत होता. "आईचं ठीक आहे गं. पण मी अक्षरांवर पोट भरलं. तुझ्या कागदावर अंगठा कसा लावू?"

"मग मला वाचायला का नाही दिलंत? सगळं देता."

"दिलं असतं तर तू अंगठाच लावायला लावला असतास."

झालं होतं ते असं, की पोरगी बाहेर गेल्यावर याने बारीक ब्रश काढला, अर्जावर जो छापील नमुना होता तो समोर ठेवला, खाली स्वच्छ कागद घेतला, आणि तासभर खपून ते प्रतिज्ञापत्र आयुष्यातली सगळ्यात सुंदर पाटी काढावी तसं काढलं. मग पाकीट चिकटवून स्वतः देऊन आला. पोरगी तपासायला लागल्यापासून तिच्या नजरेखालून न जाता बाहेर पडलेली ही त्याची दुसरी पाटी.

गुरुवारी मीही गेलो. "साक्षीदार म्हणून येतो," मी म्हटलं. "दोन मिनिटांत निकाल लावतो बघ." मला अशी शेखी मिरवायची सवय आहे.

विद्यापीठाच्या त्या खोलीत लोखंडी कपाटं, फायलींचे ढीग आणि एक घरघरणारा पंखा. टेबलामागे अधिकारी बाई, शेजारी कारकून. बाई वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या. त्यांच्यासमोर अशा फायलींची चळत होती, आणि प्रत्येक फाइलीत कोणाचं तरी कॉलेज अडकलेलं होतं.

"हे बघा," कारकून म्हणाला आणि फाइल उघडून लांबूनच दाखवली. "असं अक्षर माझं नाही, यांचं नाही, कुलगुरूंचं नाही. आणि म्हणे निरक्षर. नऊशे अर्ज तपासले मी, असा कागद बघितला नाही."

"मी काढलंय ते," पेंटर म्हणाला. "लिहिलेलं नाही, काढलंय. मला वाचता येत नाही."

हे वाक्य तो जन्मात पहिल्यांदा परक्या माणसांसमोर बोलला. मागच्या बाकावर दुसरे पालक बसले होते, त्यांतल्या एकाच्या दुकानाची पाटी यानेच रंगवलेली होती. तो माणूस मान पुढे काढून बघायला लागला. पेंटरने तेही बघितलं, आणि तरी मान खाली घातली नाही.

"असं म्हणणारे बरेच येतात," बाई म्हणाल्या. "निधी मोठा आहे. येत असलेली गोष्ट दाखवता येते हो. येत नाही हे कसं दाखवणार? मी पेपर पुढे धरला आणि तुम्ही गप्प बसलात, तर त्यावरून मी काय समजू?"

मी उठलो. "मी सांगतो. मी यांचा शेजारी. बावीस वर्षं एका गाळ्यात आहोत."

"छान," बाई म्हणाल्या. "मग तुम्हाला तर माहीत असेलच. यांना वाचता येत नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

माझी पाचावर धारण बसली. खोटं बोलायची तयारी होती माझी, बावीस वर्षांपूर्वी कळलं म्हणून ठोकून देणार होतो. पण पोरगी माझ्याकडे बघत होती. हिने अर्जात खरं लिहिलं होतं, बापाला न आवडणारं खरं, आणि त्याच खऱ्यासाठी ती इथे उभी होती.

"सोमवारी," मी म्हटलं.

कारकून हसला. बाईंनी पेन उचललं. मी मटकन खाली बसलो. दोन मिनिटांत निकाल लावतो म्हणालो होतो, तो लावलाच होता.

"मॅडम," पोरगी म्हणाली, "तो कागद मी अजून बघितलेला नाही. एकदा बघू?"

"तुझ्याच अर्जातला कागद तू बघितलेला नाहीस?"

"नाही. बाकी बाबांचं सगळं काम मी तपासते. पाच वर्षांची असल्यापासून. एवढा एकच कागद माझ्याकडे आला नव्हता."

बाईंनी फाइल तिच्याकडे सरकवली. मीही मागून मान लांब करून बघितलं. काय कागद होता! समास आखीव, शिरोरेषा एका दमात ओढलेल्या, काळ्या शाईला किंचित निळसर झाक, आणि उजव्या कोपऱ्यात, पाटीवर करतो तशी, त्याची वळणदार सही. असा कागद माझ्याकडे आला असता तर मी त्याला दोन बोटं रुंद सागवानी पट्टी लावली असती. कारकून बरोबर बोलत होता, असं अक्षर त्या इमारतीत कोणाचंच नव्हतं.

पोरीने सवयीने पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली, दुकानात वाचायची तशी.

"मी, येथे पालकाचे पूर्ण नाव लिहावे, असे जाहीर करतो की, माझा तिरकी रेघ माझी, मुलगा तिरकी रेघ मुलगी, जे लागू नसेल ते खोडावे..."

ती थांबली. पंखा घरघरत होता. कारकुनाने मान वर केली.

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या.

"मी, येथे पालकाचे पूर्ण नाव लिहावे, असे जाहीर करतो की..." ती शेवटपर्यंत वाचत गेली. नमुन्यातलं एकूण एक अक्षर त्या कागदावर होतं. कंस होते. टिंबांच्या रांगा होत्या, एकेक टिंब मोजून मापून भरलेलं. आणि अगदी खाली, सगळ्यात नाजूक अक्षरात, छापखान्याचा नमुना क्रमांक आणि 'कृपया मागे पहावे'. फक्त जिच्यासाठी हे सगळं होतं त्या पोरीचं नाव कुठेच नव्हतं.

कारकुनाने फाइल ओढून घेतली, वाचली, पुन्हा वाचली. त्याचा चेहरा उतरला. "मी... अक्षरच बघत राहिलो, मॅडम," तो म्हणाला. त्याला हसायची माझी हिंमत नव्हती. मी तरी बावीस वर्षं दुसरं काय केलं होतं?

बाईंनी फाइल आपल्याकडे घेऊन तो कागद स्वतः वाचला. मग उठून उभ्या राहिल्या. अर्जावर लाल शाईत लिहिलेलं 'नामंजूर' त्यांनी स्वतः खोडलं आणि शेजारी सही केली.

या सगळ्यात पेंटरला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. तो एकदा बाईंकडे, एकदा कारकुनाकडे, एकदा कागदाकडे बघत होता. ऐकलं त्यानेही होतं, पण त्यात काय वावगं आहे हे त्याला उमगलं नव्हतं, प्रतिज्ञापत्रं असंच काहीतरी बोलत असतील अशी त्याची समजूत. त्याला एवढंच दिसत होतं, की पोरीचे डोळे भरले आहेत. त्याने हळूच विचारलं, "नापास?"

पोरीने त्याचा हात धरला.

"पास, बाबा," ती म्हणाली. "पहिल्यांदाच काही पुसायला लागणार नाही."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता फीमाफीचं पत्र हातात पडलं, चारही वर्षांचं. नियमाप्रमाणे नवं प्रतिज्ञापत्र हवं होतं. पेंटरने बाईंच्या समोर पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर असा उठवला, की एक रेष पुसट नाही. "हेही सुबक आलंय हो," बाई म्हणाल्या. जुना कागद बाद झाला होता, तो त्यांनी मला दिला. मी न मागता दिला असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी मागितला होता.

त्याला मी सागवानी पट्टी लावली, दोन बोटं रुंद. पैसे घेतले नाहीत, हे नोंदवून ठेवतो, कारण असं माझ्या हातून वारंवार होत नाही. फ्रेम दुकानात लावायला मी कचरत होतो. म्हटलं, त्याला कसं वाटेल? पेंटरने माझ्या हातातून ती घेतली आणि दर्शनी खिळ्याला, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर टांगली.

आता पोरगी विद्यापीठात दगड फोडते आणि सुट्टीच्या दिवशी येऊन पाट्या तपासते. एरवी पाट्या मी तपासतो. तो "पास?" विचारतो आणि मी मुद्दाम ताटकळत ठेवतो. गिऱ्हाइकं येतात, फ्रेमपुढे थांबतात आणि म्हणतात, "वा, काय अक्षर आहे!" आधी असं कोणी म्हटलं की पेंटर नुसता मान डोलवायचा. आता तो ब्रश बाजूला ठेवतो आणि जवळ येतो.

"अक्षर राहू द्या," तो म्हणतो. "काय लिहिलंय ते वाचा. मला येत नाही, म्हणून माझी मुलगी शिकतेय."